दहा लाखांत एक: माती किती साफ झाली म्हणजे पुरे?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने विषारी रसायनांनी नासलेल्या जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. कारखाना बंद पडतो, मालक निघून जातो, पिंपं गंजतात आणि काही वर्षांनी शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागतो. अशा वेळी कोणी काय करायचं, हे आपल्याकडे एका जागी धडपणे लिहिलेलं नव्हतं. नियम आले तेव्हा वर्तमानपत्रांतून एक आकडाही आला: देशात अशा १०३ जागा नक्की झाल्या आहेत आणि सफाई सुरू झाली आहे जेमतेम सात ठिकाणी. बातमी दोन दिवस चालली आणि विरली.

सफाई सुरू होईल तेव्हा होवो, पण ती संपली असं कधी म्हणायचं? माती डोळ्यांना मातीच दिसते. विहिरीचं पाणी नितळ असूनही त्यात बेंझीनसारखं कॅन्सरकारक रसायन असू शकतं. म्हणजे 'साफ' हे कुठल्यातरी आकड्यावरूनच ठरणार, आणि तो आकडा कोणीतरी निवडणार.

अमेरिकेतली राज्यं या प्रश्नाशी चाळीसेक वर्षं झगडत आहेत. त्यांतल्या काहींनी उत्तर थेट कायद्यात लिहून टाकलं: या जागेमुळे कॅन्सरचा धोका किती वाढलेला चालेल, याची मर्यादा. न्यू जर्सी म्हणते दहा लाखांत एक. मिशिगन म्हणते एक लाखात एक. त्यावर विधिमंडळांत आणि कोर्टांत भरपूर भांडणं झाली. माझं मत आधीच सांगतो: आकडा महत्त्वाचा आहे, पण खरी मारामारी त्याच्या शेजारच्या बारीक अक्षरांवर असते आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही.

आकडा म्हणतो तरी काय?

'दहा लाखांत एक' ऐकलं की वाटतं, दहा लाखांपैकी एकाला कॅन्सर होणार. तसं नाही. अमेरिकेत आयुष्यात कधी ना कधी कॅन्सरचं निदान होणारी माणसं शंभरात साधारण चाळीस असतात. म्हणजे दहा लाखांत चारेक लाख. वय, तंबाखू, दारू, आनुवंशिकता, नशीब, सगळं त्यात आलं. कायदा म्हणतो, या एका जागेमुळे त्या चार लाखांत भर पडलीच तर ती फार तर एकाची असावी. म्हणून कायद्यातला कळीचा शब्द आहे 'अतिरिक्त' धोका.

आणि हे भाकीत नाही. हिशेब मुद्दाम घाबरट केलेला असतो. शंका आली की धोका जास्तच धरायचा, अशी त्याची रीत आहे. खरा धोका बहुतेक त्याहून कमी असतो, काही रसायनांच्या बाबतीत तर शून्यही असू शकतो.

हा धोका धरलेला असतो तो त्या जागेवर वर्षानुवर्षं राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसासाठी. रोज गाडीतून तिथून जाणाऱ्यासाठी नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या एखाद्या जुन्या कारखान्याच्या जागेवर दहा लाखांत एकाऐवजी दहा लाखांत पन्नास धोका निघाला, तर सगळं एडिसन धोक्यात आलं असा त्याचा अर्थ होत नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र तो तसाच फिरतो.

हा आकडा आला कुठून?

मांसातून. खरंच.

गुरं लवकर भरावीत म्हणून अमेरिकेत त्यांना डीईएस नावाचं कृत्रिम संप्रेरक देत असत. त्याने कॅन्सर होतो हे कळल्यावर १९६२ च्या कायद्यात पळवाट ठेवली गेली: जनावराला द्या, पण मांसात त्याचा अंश सापडता कामा नये. आता 'सापडता कामा नये' म्हणजे काय? प्रयोगशाळांची यंत्रं दरवर्षी सुधारतात. काल न सापडलेलं आज सापडतं. तेव्हा अन्न आणि औषध खात्याला कुठेतरी रेघ मारणं भाग पडलं. १९६१ मध्ये मँटेल आणि ब्रायन या संशोधकांनी 'जवळजवळ सुरक्षित' म्हणजे दहा कोटींत एक, असं सुचवलं होतं. खात्याने १९७३ च्या मसुद्यात तेच धरलं. १९७७ च्या अंतिम नियमात ते झालं दहा लाखांत एक. एका झटक्यात शंभरपट सैल.

तोच आकडा पुढे पाण्याच्या, हवेच्या आणि मातीच्या नियमांत पसरला. तो कुठल्या प्रयोगातून निघालेला नाही. इतका धोका लोक मनावर घेणार नाहीत, असा तो एक अंदाज आहे. यात लबाडी नाही, कारण रेघ कुठेतरी मारावीच लागते. पण 'शास्त्राने ठरवलेली मर्यादा' असं कोणी म्हणालं, तर त्याला मांसाची ही गोष्ट जरूर सांगा.

तिखट किती आणि खाल्लं किती

एखाद्या रसायनाची मातीतली मर्यादा काढायला दोन गोष्टी लागतात. मिरचीचंच घ्या. भाजी किती झोंबेल हे मिरची लवंगी आहे की ब्याडगी यावर ठरतं आणि त्यातली तुम्ही किती खाल्ली यावरही. रसायनाचा जो लवंगीपणा, म्हणजे ठरावीक मात्रेमागे कॅन्सरचा धोका किती वाढतो, त्याला तज्ज्ञ 'स्लोप फॅक्टर' म्हणतात. आपण त्याला तिखटपणाच म्हणू.

तिखटपणा बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगांतून, कधी कामगारांच्या नोंदींतून काढतात. 'किती खाल्लं' हे मात्र गृहीत धरतात. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा राहत्या जागांसाठीचा हिशेब असा: लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळतं. हात तोंडात, खेळणी तोंडात, अंगणातली धूळ. मोठं माणूस १०० मिलिग्रॅम. मुलाचं वजन १५ किलो, मोठ्याचं ८०. वर्षातले ३५० दिवस घरी, दोन आठवडे बाहेरगावी. त्या घरात एकूण २६ वर्षं, त्यांतली पहिली सहा बालपणाची. मग हे सगळं ७० वर्षांच्या आयुष्यावर पसरायचं. कारखान्याची किंवा ऑफिसची जागा असेल, तर वर्षाला २५० दिवस आणि २५ वर्षं.

या यादीतला कुठलाही आकडा बदला, मर्यादा बदलते. 'दहा लाखांत एक' जागचा हलतही नाही.

नुसत्या तिखटपणाचं पाहा. बेंझोपायरीन हे कोळसा, डांबर, जळकं तेल यांतून मातीत येणारं रसायन जुन्या कारखान्यांच्या जागी हमखास सापडतं. जानेवारी २०१७ मध्ये केंद्रीय संस्थेने त्याचा तिखटपणा नव्याने काढला आणि तो आधीच्या ७.३ वरून १ वर आला. शुक्रवारी दूषित असलेली जागा सोमवारी साफ, असं म्हणायला हरकत नाही. फावडंसुद्धा न लावता. आर्सेनिकचं उलट झालं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा तिखटपणा जवळपास वीस पटींनी वाढवला गेला. दोन्ही वेळा माती होती तीच होती.

तीन राज्यं, तीन हिशेब

अमेरिकेत दूषित जागांचा मोठा केंद्रीय कायदा १९८० चा. त्याला सुपरफंड म्हणतात. तो आला न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनाल या वस्तीच्या प्रकरणानंतर. रसायनांनी भरलेल्या जुन्या कालव्यावर आणि त्याला लागून घरं आणि शाळा बांधली गेली होती. सुपरफंडच्या १९९० च्या नियमांत एक आकडा नाही, पट्टा आहे: दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक. सुरुवात दहा लाखांपासून करायची आणि परिस्थिती पाहून सैल व्हायचं. पण सुपरफंडमध्ये जातात त्या सगळ्यात वाईट जागा. बाकीच्या हजारो जागा, म्हणजे कोपऱ्यावरचा पेट्रोलपंप, बंद पडलेलं ड्राय क्लीनिंगचं दुकान, छोटा कारखाना, या राज्यांच्या वाट्याला येतात. आणि राज्याराज्यांत हिशेब वेगळा.

न्यू जर्सीने १९९३ च्या कायद्यात दहा लाखांत एक हा आकडा घातला. आपली बरीच मराठी मंडळी ज्या राज्यात राहतात, तिथला कायदा आकड्याच्या बाबतीत देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक आहे. इथवर वाचून बरं वाटतं. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की ही मर्यादा प्रत्येक रसायनासाठी वेगवेगळी आहे, एका जागेवरच्या अनेक रसायनांच्या बेरजेसाठी नाही.

हिशेब करून बघा. जागेवर पंधरा रसायनं आहेत आणि प्रत्येक बरोब्बर मर्यादेवर आहे. प्रत्येकाचा धोका दहा लाखांत एक, सगळ्यांचा मिळून दहा लाखांत पंधरा. मॅसॅच्युसेट्स राज्याची मर्यादा एक लाखात एक, म्हणजे दहा लाखांत दहा, पण ती सगळ्या रसायनांच्या बेरजेवर आहे. आपली पंधरा रसायनांची जागा न्यू जर्सीत पास होईल आणि 'सैल' मॅसॅच्युसेट्सात नापास.

ओरेगनने दोन्ही टोकं धरली: एकेका रसायनासाठी दहा लाखांत एक, सगळ्यांची बेरीज एक लाखात एक. मला हा सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. वॉशिंग्टन राज्याचा कायदा तर १९८८ मध्ये थेट मतदारांनी मत देऊन आणला, आणि तिथेही साधारण हीच रचना आहे.

"मग शून्यच का नाही?"

हा प्रश्न सभेत पहिला येतो आणि त्यात चूक काही नाही. अडचण आहे ती जमिनीचीच.

आर्सेनिक घ्या. वर सांगितलेली गृहीतकं आणि अनेक वर्षं वापरात असलेला जुना तिखटपणा धरून दहा लाखांत एकचं गणित केलं, तर किलोभर मातीत आर्सेनिक ०.७ मिलिग्रॅमच्या आसपासच चालतं. नव्या तिखटपणाने तर त्याहून कितीतरी कमी. पण आर्सेनिक खडकातूनच मातीत येतं. कधी कारखाना न पाहिलेल्या मातीतही ते याच्या कितीतरी पट असतं. न्यू जर्सीची मर्यादा म्हणून १९ मिलिग्रॅम आहे. दहा लाखांत एकच्या हिशेबाने ती निघत नाही. ती निघते राज्यातल्या नैसर्गिक मातीवरून. निसर्गाने ठेवलंय त्याच्या खाली साफ करायला लावू नये, असं कायदाच सांगतो. घरामागची परसबाग ज्या मातीत आहे, ती या एका रसायनापुरती 'दहा लाखांत एक'मध्ये बसत नाही, आणि त्याला कोणाचा इलाज नाही.

कधी आड येतं मोजणारं यंत्र. बेंझोपायरीनची न्यू जर्सीतली राहत्या जागांसाठीची मर्यादा बरीच वर्षं ०.२ मिलिग्रॅम होती. धोक्याच्या गणिताने ती त्याहूनही खाली जायला हवी होती, पण त्याखालचं प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येत नव्हतं.

मग डंपर. एका एकराची मीटरभर माती काढायची म्हणजे चार हजार घनमीटर, मोठ्या डंपरच्या तीनशेहून अधिक खेपा. त्या वस्तीतून जाणार, धूळ उडणार, आणि डिझेलचा धूर स्वतःच कॅन्सरकारक म्हणून जाहीर झालेला आहे. ती माती जाते कुठे? दुसऱ्या कोणाच्या तरी गावाशेजारी. भोपाळच्या युनियन कार्बाइडमधला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. भोपाळ मोकळं झालं, काळजी पीथमपूरला गेली.

"लाखात एक काय, दहा लाखांत एक काय, मोजणार कोण?"

उद्योगवाल्यांचा हा आवडता मुद्दा आहे, आणि तो अर्धा खरा आहे.

दोनशे घरांची वस्ती धरा, सहाशे माणसं. जागेचा धोका दहा हजारांत एक, म्हणजे केंद्रीय पट्ट्याचं सगळ्यात सैल टोक. त्या सहाशेंपैकी २४० जणांना एरवीही आयुष्यात कॅन्सर होणारच होता. जागेमुळे तो आकडा होईल २४०.०६. असला फरक जगातला कुठलाही अभ्यास पकडू शकत नाही.

म्हणून फरक पडत नाही? मला हे पटत नाही. जे नंतर मोजता येणार नाही, त्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी लागते. नाहीतर दरवेळी पुरावा रहिवाशांकडे मागितला जातो, आणि तो त्यांना कधीच देता येत नाही.

न्यू जर्सीतच याचं एक उदाहरण आहे, टॉम्स रिव्हर. १९७१ मध्ये या गावाजवळच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर एका ठेकेदाराने रासायनिक कचऱ्याची हजारो पिंपं टाकली. कचरा होता युनियन कार्बाइडच्या बाउंड ब्रुक इथल्या कारखान्याचा. भोपाळच्या तेरा वर्षं आधी. तो झिरपत गावाच्या पाण्याच्या विहिरींपर्यंत गेला. गावात सिबा-गायगी कंपनीचा रंगांचा कारखानाही होता, त्याचं प्रदूषण वेगळंच. १९७९ ते १९९५ या काळात गावाच्या हद्दीत ९० मुलांना कॅन्सर झाला. अपेक्षित होते ६७. पालकांनी आवाज उठवल्यावर राज्य आणि केंद्राच्या आरोग्य खात्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. हाती काय लागलं? आईच्या पोटात असताना त्या विहिरींचं पाणी जास्त वाट्याला आलेल्या मुलींमध्ये रक्ताच्या कॅन्सरशी संबंध दिसला. बाकीच्या बऱ्याच प्रश्नांवर ठाम काही सांगता आलं नाही. दोन्ही कंपन्या आणि पाणी पुरवणारी कंपनी यांनी २००१ मध्ये ६९ कुटुंबांशी तडजोड केली, दोष मान्य न करता.

अख्खं गाव, नव्वद मुलं, दोन सरकारी खाती आणि कोट्यवधींचा अभ्यास, एवढं होऊनही पुरावा इतकाच निघाला. दोनशे घरांच्या वस्तीने काय आणायचा?

साफ केलं की झाकलं?

बारीक अक्षरांतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

धोका तिखटपणा आणि खाणं या दोन्हींवर ठरतो. मग तिखट न काढता नुसतं खाणं थांबवलं तरी गणित जुळतं. मातीवर डांबर, काँक्रीट किंवा चांगल्या मातीचा थर टाका, भोवती कुंपण घाला, विहीर खणायला बंदी करा. विष तिथेच, पण आकडा दहा लाखांत एकच्या आत. न्यू जर्सीचा कायदा जबाबदार मालकाला हा पर्याय देतो. अट अशी की तशी नोंद जमिनीच्या कागदपत्रांत कायमची चढते, राज्याचा परवाना लागतो आणि झाकण शाबूत आहे असा दाखला दर दोन वर्षांनी द्यावा लागतो.

कुठे हे चालतं, कुठे चालत नाही. जर्सी सिटी आणि आसपास विसाव्या शतकात क्रोमियमचे कारखाने होते. त्यांची मळी भराव म्हणून फुकट मिळायची, त्यामुळे ती रस्त्यांखाली, घरांखाली, दलदल बुजवायला, जिथे तिथे गेली. तिच्यात कॅन्सरकारक हेक्साव्हॅलंट क्रोमियम. राज्याला अशा दोनशेच्या आसपास जागा सापडल्या. त्यांतली एक, रूझवेल्ट ड्राइव्ह-इनची चौतीसेक एकर जागा, हनीवेल कंपनीकडे वारशाने आली होती. कंपनीचं म्हणणं, झाकून ठेवू. पण ही मळी फुगते. खालून वर उचलली जाते आणि वरचं डांबर फोडते. शेजारच्या चर्चमंडळींच्या एका संघटनेने आणि काही रहिवाशांनी केंद्रीय कोर्टात दावा लावला. २००३ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: खणा आणि उचला. दहा लाख टनांहून जास्त. २००५ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला. आज तिथे बेफ्रंट नावाने नवी वसाहत उभी राहते आहे.

कागदावर झाकण आणि खोदाई दोन्ही दहा लाखांत एकच्या आत बसवता येतात. फरक पडतो तो पन्नास वर्षांनी, जेव्हा कंपनी विकली गेलेली असते आणि दाखला देणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्यांना याची छोटी आवृत्ती माहीत असते. पूर्वी घरं तापवायला तेल वापरत आणि त्याची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असे. गॅस आला, टाकी जमिनीतच विसरली गेली, गंजली, गळली. म्हणून घर घेण्याआधी जाणकार आठवणीने सांगतात, 'टँक स्वीप करून घे रे'. एक माणूस यंत्र घेऊन अंगणभर फिरतो आणि खाली लोखंड लागतंय का ते बघतो. टाकी निघाली आणि गळलेली असली, तर त्या अंगणालाही राज्याची तीच मर्यादा लागते आणि खर्च बहुतेक मालकाच्या गळ्यात पडतो. हे काम खरेदीच्या आधी करायचं, नंतर नाही.

"आकडा कायद्यात घालायचाच कशाला? तज्ज्ञांवर सोडा"

यालाही दुसरी बाजू आहे. १९९० च्या सुरुवातीला मिशिगनचा कायदा कडक होता: दहा लाखांत एक, आणि जमिनीचा मालक तो जबाबदार, विष त्याने टाकलं असो वा नसो. परिणाम असा झाला की डेट्रॉइट, फ्लिंटसारख्या शहरांतल्या बंद कारखान्यांच्या जागा घ्यायला कोणी धजेना. जो घेईल त्याच्या गळ्यात साफसफाई. नवे कारखाने शहराबाहेर कोऱ्या शेतजमिनीवर गेले आणि जुन्या जागा तशाच सडत पडल्या. १९९५ मध्ये राज्याने मर्यादा एक लाखात एक केली आणि ज्याने विष टाकलं तोच जबाबदार, असं ठरवलं. पेनसिल्व्हेनियानेही एक लाखात एक स्वीकारलं. जागा विकल्या जाऊ लागल्या. पण 'कोणी टाकलं' हे सिद्ध न झालेल्या जागा सरकारच्या माथी आल्या आणि कडकपणा परत आणायची विधेयकं मिशिगनमध्ये अजून येत असतात.

माझ्या मते १९९५ च्या त्या बदलात मालकाच्या जबाबदारीचा भाग मोठा होता, धोक्याच्या आकड्याचा लहान. चर्चा मात्र आकड्याची जास्त होते, कारण तो भाषणात सांगायला सोपा.

कायदा नुसता कडक असून भागत नाही, तो टिकावाही लागतो. लॉस एंजेलिसजवळ सांता सुसाना इथे रॉकेटच्या आणि अणुभट्टीच्या चाचण्यांची जागा आहे. १९५९ मध्ये तिथल्या भट्टीचा गाभा अंशतः वितळला होता. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाने त्या एकाच जागेसाठी वेगळा, इतर जागांहून कडक कायदा केला: घर करून राहता येईल, परसात भाजी पिकवून खाता येईल इतकी साफ करा. जागेचा बराच भाग जिच्या मालकीचा, ती बोइंग कंपनी कोर्टात गेली. २०११ मध्ये कायदा रद्द झाला आणि २०१४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं. कारण काय, तर केंद्र सरकारची आणि त्याच्या ठेकेदाराची जागा तेवढी वेगळी काढून तिच्यावर जास्त बोजा टाकता येत नाही. सगळ्या जागांसाठी एक सरळ नियम असता, तर हा मुद्दाच उठला नसता.

तज्ज्ञांवर सोडा, हे म्हणणं ऐकायला चांगलं वाटतं. पण किती धोका चालवून घ्यायचा हा तज्ज्ञांचा प्रश्नच नाही. तिखटपणा किती हे त्यांनी सांगावं. किती झोंबलेलं चालेल हे खाणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि राज्यात खाणाऱ्यांच्या वतीने विधिमंडळ बसतं.

आपल्या नियमांकडे बघताना

आपले २०२५ चे नियम पायऱ्या सांगतात. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, मग तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. खाणी, किरणोत्सारी कचरा आणि साध्या कचऱ्याचे डेपो यांना हे नियम सरसकट लागू नाहीत, त्यामुळे देवनारचा प्रश्न यातून सुटेल अशी आशा कोणी धरू नये.

आराखडा जाहीर होईल तेव्हा त्यात रसायनांची नावं आणि मर्यादांचे तक्ते असतील. वर्तमानपत्रं तेच छापतील. मागून घ्यायचं ते त्यामागचं गृहीतकांचं पान. माती गिळणारं मूल कुठलं धरलंय? गालिच्यावर रांगणारं, की शेणाने सारवलेल्या अंगणात दिवसभर खेळणारं? मोठ्या माणसाचं पाणी अमेरिकी हिशेबात दिवसाला अडीच लिटर आहे. आपल्याकडे मे महिन्यात रानात राबणारा माणूस तेवढं जेवायच्या सुट्टीआधीच पितो, आणि तेही बहुतेक त्याच विहिरीचं. २६ वर्षांनी घर बदलणारं अमेरिकी कुटुंब धरलंय, की आजोबांपासून त्याच वाडीत असलेलं? बाहेरचे तक्ते जसेच्या तसे उचलले, तर ही सगळी माणसंही त्यांच्याबरोबर येतात आणि आपली माणसं हिशेबातून गळतात.

त्याच पानावर दिसेल की धोका एकेका रसायनाचा धरला की सगळ्यांच्या बेरजेचा. आणि आराखड्यात खोदाईऐवजी झाकण असेल, तर ते दर किती वर्षांनी कोण तपासणार, आणि तशी नोंद त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चढणार का, हे त्याच सुनावणीत लेखी विचारून घ्यायचं.